पहिला कोपर

पत्र आलं त्याला एकवीस वर्षं झाली होती. गडब गावच्या प्रविणने आखीव कागदावर लिहिलेलं, चार ओळींचं. "सर, मी त्याला मारलं हे मला कबूल आहे. पण आधी त्याचा कोपर माझ्या तोंडावर बसला. पंचांची तिकडे पाठ होती. तुम्ही टेबलावर होतात, तुम्ही पाहिलंत. एवढंच लिहून द्या." हैबतराव तेव्हा बास्केटबॉलच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसत. त्यांनी पाहिलं होतं. उत्तर मात्र दिलं नाही. प्रविणवर दोन वर्षांची बंदी आली, खेळाडू म्हणून मिळालेली कंपनीतली नोकरी गेली, आणि पत्र हैबतरावांच्या कपाटात एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिलं.

आज रोह्याच्या हॉलमध्ये प्रविणची मुलगी दिपिका खेळत होती. महिलांच्या व्यावसायिक लीगचा उपांत्य सामना होता. जुने स्कोअरर म्हणून हैबतरावांना निमंत्रण होतं. ते पेणहून तासभर आधीच येऊन टेबलामागच्या रांगेत अंग चोरून बसले होते आणि सवयीने निमंत्रणपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने फाउल टिपत होते.

शेजारच्या खुर्चीत दिपिकाची आजी येऊन बसली, रंभाबाई. गडबहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या.

"टेबलावर तुमीच बसायचे ना वो?"

"हो. फार पूर्वी."

"आमच्या प्रविणनं तुमाला पत्र धाडलं व्हतं. पोचलं का नाय, कोन जाणे."

हैबतरावांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

शेवटची तीन मिनिटं उरली होती. रोहा एका गुणाने पुढे होतं. पाहुण्या संघाची नऊ नंबरची मुलगी सुरुवातीपासून दिपिकाच्या मागे लागली होती. कधी जर्सी ओढायची, कधी पायावर पाय द्यायची. आता दिपिका उडी मारून खाली येत असताना तिने कोपर मारला. सरळ तोंडावर. पंच चेंडूकडे पाहत होता. दिपिकाने फुटलेला ओठ आत घेतला आणि पळत सुटली.

"बघितलं का तुमी?" रंभाबाईने विचारलं.

हैबतराव पत्रिकेकडे पाहत राहिले.

पुढच्याच चढाईत बास्केटखाली गर्दी झाली आणि नऊ नंबर छातीवर हात दाबत आडवी झाली. शिट्टी वाजली. पंचाने बोट दाखवलं ते शेजारी उभ्या असलेल्या रोह्याच्याच आठ नंबरकडे, सुरभीकडे. सुरभी बघतच राहिली. तिचा हा पहिलाच फाउल होता. दिपिकाचे मात्र चार झाले होते. पाचव्याला ती सामन्याबाहेर गेली असती.

दिपिकाने मारलं, हे हैबतरावांनी स्पष्ट पाहिलं होतं. तरी त्यांच्या पेन्सिलीने रेघ ओढली ती आठ नंबरपुढेच. टेबलाने आपलं पाहायचं नसतं, पंच दाखवेल तेच लिहायचं. टेबलावर होते तोवर त्यांनी हे पाळलं होतं, आणि टेबल सुटल्यावरही ते त्याच्याच आड बसून राहिले होते.

दिपिकाने हात वर केला.

सरळ, डोक्याच्या वर, टेबलाकडे तोंड करून. पूर्वी असा नियम होता. फाउल ज्याचा असेल त्याने हात वर करायचा, म्हणजे टेबलाला दिसतो. नियम जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. या पोरीला तो कुणी शिकवला असेल, हे हैबतरावांना कुणाला विचारावं लागलं नाही.

"सर, ती नाही. मी मारलं," दिपिका पंचाला म्हणाली.

"अगं गप ना," सुरभी दातांतल्या दातांत म्हणाली. "तू गेलीस तर खेळणार कोण?"

"मारलं तर मारलं." दिपिकाने नऊ नंबरकडे पाहिलं. "तिनं आधी मारलं ते तिचं तिला ठाऊक."

नऊ नंबर बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

पंचाने टेबलाला नंबर बदलून दाखवला. दिपिका बाकावर जाऊन ताठ बसली. गडबच्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रंभाबाईने वाजवल्या नाहीत. तिने फक्त पदर सारखा केला.

"प्रविणची हाय," ती म्हणाली.

हैबतरावांनी आठ नंबरपुढची रेघ बोटाने पुसली आणि दिपिकाच्या नावापुढे ओढली.

"पत्र पोचलं होतं, वहिनी."

आवाज इतका बारीक निघाला, की या गलक्यात तिला ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं. रंभाबाईने मान वळवली नाही.

"मंग लिवा ना आता. उशीर झाला म्हनून काय लिवायचंच नाय?"

रोहा दोन गुणांनी हरलं. गडबच्या बायका टेम्पोत चढल्या त्या जिंकल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतरावांनी तीन लांबलचक पत्रं लिहिली आणि फाडली. शेवटी तीच निमंत्रणपत्रिका घेतली आणि फाउलच्या रेघांखाली लिहिलं: "प्रविण, पहिला कोपर तुझा नव्हता. मी टेबलावरून पाहिलं होतं, आणि सांगितलं नाही. हे कुणालाही दाखव." खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

पेणच्या पोस्टाबाहेर ओळखीचे दोघे-तिघे उभे होते. एरवी त्यांना पाहून हैबतराव रस्ता ओलांडून गेले असते. त्यांनी पाकीट पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर नेला.

जोहे गावाकडे निघालेली एक रिक्षा हळू झाली. "कुठं जायचं, काका?"

हैबतरावांनी नकारार्थी मान हलवली. हात खाली घेतला नाही.