पितळी अंगुस्तान

"तुमची भाची एक तास चुकवत नाही," फोनवर कॉलेजच्या बाई म्हणाल्या. "आत्तासुद्धा पहिल्या बाकावर बसलीये."

मावशीने मान वळवली. भाची तर दुकानाच्या खिडकीपाशी मशीनवर कॉलर जोडत होती.

बाईंचा चष्मा बदलायला झालाय, असं म्हणत मावशीने फोन ठेवला.

गेल्या वर्षी दुकान आणि अभ्यास दोन्ही ओढता ओढता पोरगी ऐन परीक्षेत भोवळ येऊन पडली होती. पुन्हा तसं झालं तर शिक्षण बंद, असं तिच्या आईने बजावलेलं. मावशीने बहिणीची मनधरणी करून एक वर्ष पदरात पाडून घेतलं होतं. यंदा मात्र पोरगी कशी टवटवीत! उलट मावशीचाच जीव मेटाकुटीला आलेला.

"जमवतेस तरी कसं गं?"

"तुलाही शिकवलंय की. विसरलीस?"

"या वयात मी काय शिकणार? झोपायला?"

"तेच तर," भाची हसली. "आणि ते अंगुस्तान काढ आधी. अंघोळीलासुद्धा घालून जाशील."

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेली ती पितळी टोपी कधीतरी कात्रीखाली सापडून एका बाजूने चेपली होती. ती काढायचं मावशीच्या लक्षातच राहत नसे.

"आणि घरची भांडी कोण घासतं?" मावशी म्हणाली. "पँटी आखूड करून कोण ठेवतं? तूच ना? धागे मात्र दातांनी तोडतेस. माझ्या वाईट खोडी तेवढ्या उचल!"

"मी कात्रीच वापरते, मावशी."

बाईंचं बोलणं काही डोक्यातून जाईना. बटणं आणते म्हणून मावशी निघाली ती थेट कॉलेजवर. वर्गाच्या दारातून तिने डोकावून पाहिलं. पहिल्या बाकावर भाची लिहीत होती. तीच वेणी, बाहीला चिकटलेला तोच निळा दोरा. तिने वर पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, जा.

मावशी तशीच दुकानापाशी परतली. मशीन चालूच होतं.

"मिळाली बटणं?" भाचीने विचारलं.

"मी... मी जरा घरी जाऊन येते."

"जा. दार तेवढं हळू उघड."

मावशीने दार हळूच उघडलं. आतल्या खोलीत पलंगाशी भाची पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! मावशीला आत्ता कुठे डोळा लागलाय."

पलंगावर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी गाढ झोपलं होतं. पांघरुणाबाहेर आलेल्या हाताच्या बोटात पितळी अंगुस्तान होतं, एका बाजूने चेपलेलं.

मावशीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. तिथेही होतंच.

"आता तू कशाला आलीस?" भाचीने हळूच पान उलटलं. "तुझी झोपायची पाळी अजून यायचीये."