वरून येणाऱ्याची चूक

“मास्तर, तुम्हाला कुठं लागलं तर नाही ना?” कासपर स्की काढून धावतच आला. मुलीकडे त्यानं नंतर पाहिलं.

सेव्हेरिन मास्तर बर्फात बसले होते. टोपी उडाली होती, एक स्की वीस हात खाली जाऊन रुतली होती. बाकी अंगाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. मुलगी मात्र आडवी पडली होती, दोन्ही पाय स्नोबोर्डला बांधलेले तसेच, आणि डावं मनगट छातीशी धरून कण्हत होती. रोमी तिचं नाव. ग्राट्स शहरातून याच हिवाळ्यात आलेली. गावातल्या पोरांना स्नोबोर्ड, म्हणजे गावच्या भाषेत फळी, शिकवायची.

बघता बघता माणसं जमली. सगळी गावातली, सगळी स्कीवाली. खाणावळीची बुर्गी सगळ्यांत पुढे.

“झालं! पुन्हा फळीवालेच!” ती म्हणाली. “उतारावर ऐसपैस बसायचं आणि मनात आलं की मागंपुढं न बघता सुटायचं. एक दिवस कुणाचा तरी जीव घेतील मेले.”

“वर न बघता निघाली असणार,” कासपर म्हणाला. तो डोंगरावरच्या बचावपथकाचा प्रमुख. चार वर्षांचा असताना मास्तरांच्याच दोन पायांमध्ये उभा राहून स्की शिकलेला. “काय मास्तर, असंच झालं ना?”

मास्तरांनी घसा खाकरला. टोपी उचलून झटकली. पुन्हा एकदा झटकली.

काय झालं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी कडेला बसून बोर्डाचे पट्टे आवळत होती. उठल्यावर तिनं वर पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, हात वर करून खूण केली, आणि मगच निघाली. मास्तर तेव्हा कितीतरी वर होते. अख्खा उतार मोकळा पडला होता, कुठूनही जाता आलं असतं. पण फळीवाला दिसला की त्याच्या अगदी अंगाजवळून जायचं, बर्फाचा फवारा उडवायचा, जरा दचकवायचं, ही गावातल्या जुन्या स्कीवाल्यांची खोड. संध्याकाळी बुर्गीकडे बसून कोण किती घाबरला ते रंगवून सांगायचं आणि खो खो हसायचं. मास्तर तिकडेच वळले. मुलीनं वळण घेतलं, तिची पाठ त्यांच्याकडे झाली. निसटू आपण, असं त्यांना वाटलं. पण एकसष्टाव्या वर्षी गुडघा थोडाच आपलं ऐकतो!

वरून येणाऱ्यानं खालच्याला जपायचं, धडक झाली तर चूक वरच्याची. हा नियम त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतला होता.

त्यांची मान हलली. होकारार्थी की नुसतीच, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कासपरनं तो होकार धरला आणि मुलीच्या गळ्यातला उतारावर यायचा पास काढून घेतला.

“नको ना, कासपरदादा,” रोमी रडवेली झाली. “पास गेला की कामच गेलं माझं. उद्या नऊ वाजता आठ पोरं येणार आहेत. हात बांधून घेते, उभी राहून शिकवीन हवं तर. मी वर पाहिलं होतं हो... पाहिलं असेन बहुतेक. डोकं आपटलं ना, मला नीट आठवतच नाहीये.”

“म्हणे बहुतेक!” बुर्गी फणकारली. “येऊ दे रविवार. सभेत ठरवूनच टाकू. ही फळीशाळा बंद म्हणजे बंद.”

फळीशाळा बंद करा, असा त्या सभेपुढचा अर्ज मास्तरांनीच लिहिला होता. पहिली सही त्यांची. सगळं गाव आपल्या बाजूनं बोलतंय आणि ही पोर स्वतःलाच दोष देऊ लागलीय, हे ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीकडे बघवेना.

“कासपर, तो पास दे तिला,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. तिनं वर पाहिलं होतं. हातही केला होता. मी मुद्दाम जवळून गेलो, तिला घाबरवायला. मी धडकलो तिला.”

मग कासपरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते.

“मास्तर, तुम्ही म्हणजे ना...”

“बाई बाई, काय हे मन!” बुर्गी म्हणाली. “अहो, तुम्ही आणि वरून येऊन धडकणार? कुणाला सांगता?”

“अगं, खरं सांगतोय मी!” मास्तर ओरडले. “लाज नाही वाटली मला, मघाशी गप्प बसलो! कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय, कळतंय. शांत व्हा बघू,” कासपर हळूच म्हणाला. “पोरीची दया येते, मलाही येते. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही, मास्तर. पण अहवालात खोटं कसं लिहू? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?”

त्यानं पास खिशात टाकला. पथकातल्या दोघांनी बचावाची घसरगाडी आणली, रोमीला उचलून तिच्यावर निजवलं, पट्टे आवळले. बुर्गीनं मास्तरांची टोपी त्यांच्या हातातून घेतली आणि मायेनं त्यांच्या डोक्यावर घातली.

गाडी हलणार, तेवढ्यात रोमीनं न दुखावलेला हात पुढे करून मास्तरांचा हातमोजा घट्ट धरला.

“माझ्यासाठी तुम्हाला सगळ्यांसमोर एवढं खोटं बोलावं लागलं,” ती म्हणाली. “मला माफ करा, मास्तर.”