आलीस का घरी

दाराशी टांगलेल्या सॅकची घंटी किणकिणली. विभाने वर दिव्याकडे पाहिलं. भूकंपापासून ही सवयच लागली होती. दिवा जराही हलत नव्हता.

तिला भीती वाटली नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे. म्हणून तर नवऱ्याने दोघी मायलेकींना जपानातल्या सेंदाई शहराजवळच्या डोंगरातली गावं दाखवणाऱ्या ट्रेकला पाठवलं होतं. "दिवसभर मोकळी हवा खाऊन या."

सकाळी गाइड ओनो-साननी अस्वलं लांब राहावीत म्हणून प्रत्येकाच्या सॅकला घंटी बांधली. पहिल्या गावात मुळे धुणारी एक आजी सगळ्यांना 'कोन्निचिवा', नमस्कार, म्हणाली आणि पाच वर्षांच्या रेवाला 'ओकाएरी'. म्हणजे, आलीस का घरी.

पुढच्या गावात एक आजोबाही रेवाला तेच म्हणाले.

"नातवंडं शहरात असतात ना," ओनो-सान हसले. "कुणाचंही पोर आपलंच वाटतं त्यांना."

त्यापुढचं गाव भूकंपानंतर रिकामं झालेलं. तिथे एका बंद खिडकीआडून तोच शब्द आला. ओनो-सान थबकले, मग मान खाली घालून भराभर चालू लागले. रेवाने मात्र खिडकीकडे बघून गोड आवाजात उत्तर दिलं, "तादाइमा." आले गं.

घंटी पुन्हा वाजली. विभा दाराशी गेली. रेवा सॅक पाठीला लावून, बूट घालून शहाण्यासारखी बसली होती.

"अगं राणी, आत्ताच तर आलो ना आपण?" विभाने तिच्या केसांतून हात फिरवला.

रेवाने नम्रपणे वर पाहिलं.

"काकू, तुम्ही मला घरी कधी सोडणार?"