कोणाचा देश बरा

थोरला रविकांत जपानला आणि धाकटा शशांक अमेरिकेला गेल्यापासून, गेली बारा वर्षे, दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर कुमुदिनीबाईंच्या कानांवर एकच वाद आदळत आला होता. "आमच्याकडे विम्याचं कार्ड दाखवलं की कुठल्याही दवाखान्यात जाता येतं, तुझ्यासारखी विमा कंपनीची मनधरणी करावी लागत नाही," असे थोरल्याने म्हणावे. "पण आमच्यासारखे सर्जन आहेत का तुमच्याकडे?" असे धाकट्याने उलट विचारावे. बाईंचे डोके उठे. "डॉक्टरांचं कौतुक पुरे झालं, फोन ठेवा आता," असे दरडावून त्या दोघांना गप्प करीत.

यंदा त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी थोरल्याकडे फुनाबोरीला आल्या आणि तेथल्या डॉक्टरांनी सांगितले की, खुब्याचा सांधा बदलावा लागेल. नंतरचे काही महिने घरचे माणूस सतत हाताशी हवे.

त्या रविवारीही दोघे भाऊ हिरिरीने भांडू लागले.

"शशांक, खरं सांगू? तुमच्या सर्जनची सर इथे कोणालाच नाही."

"छे रे दादा, इथे मंजुरी मिळेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. आईसाठी जपानच उत्तम."

"अरे, पण अमेरिका ती अमेरिका."

बाईंनी या वेळी कोणालाही दटावले नाही. त्या सुनेकडे वळल्या.

"विभा, पुण्याच्या डॉक्टरांना फोन लाव. या दोघांना आज प्रथमच एकमेकांचा देश आवडला आहे."