पुढच्या दारानं

आर्लीन हॉगेन पुढच्या दारानं आत आली, तशी डायनरमध्ये न्याहारीला बसलेल्यांची बडबड थांबली. एकतीस वर्षं ती पहाटे मागच्या दारानं यायची आणि थेट तव्यापाशी जाऊन उभी राहायची. शुक्रवारी ती निवृत्त झाली. आज सोमवार होता.

तिनं बुटांवरचा बर्फ झटकला आणि काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर चढून बसली. शेजारी ऑर्विल होता, गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा. त्यानं काउंटरवरची आपली टोपी उचलून तिला जागा केली.

"वाट चुकलीस काय? चूल तिकडं आहे."

"गिऱ्हाईक आहे मी. नीट बोल."

तव्यासमोर टेस उभी होती, नवी स्वयंपाकीण. चाळिशीची, मनगटांवर भाजल्याचे ताजे डाग. शनिवारी दोघा शेतकऱ्यांनी तिचे पॅनकेक अर्धे टाकले होते आणि "आर्लीनची सर नाही" असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले होते. संध्याकाळपर्यंत ते आर्लीनच्या कानावर आलं होतं. त्यांतला एक, लायल, आज खिडकीपाशी नुसती कॉफी घेऊन बसला होता.

"काय देऊ?" टेसनं मागं न बघता विचारलं.

"पॅनकेक. तीन."

टेसनं पीठ ओतलं. तवा जरा जास्तच तापलाय, हे आर्लीनला चर्र आवाजावरूनच कळलं. तिचा एक पाय आपोआप स्टुलावरून खाली आला. ऑर्विलनं तिची बाही धरली.

"बस गप."

"अरे, पण ती लवकर उलटतेय!"

"तुझा तवा नाही तो आता."

आर्लीन बसली. हात मात्र मांड्यांखाली दाबून ठेवावे लागले.

बशी समोर आली. लोणी वितळून कडेनं ओघळत होतं, त्यावर मेपलचा कोमट पाक. टेस उलथनं हातात घेऊन तिथंच उभी राहिली. मागच्या टेबलांवरचे काटे थांबले.

आर्लीननं पहिला घास घेतला. इतकी वर्षं तिनं तव्यापाशी उभ्या उभ्या तुटके, गार झालेले तुकडे तोंडात टाकले होते. बसून, पाक घालून, वाफाळता पॅनकेक तिनं इथं कधी खाल्लाच नव्हता. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाफेनं चष्मा धुरकटला, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"बोला ना काहीतरी," टेस म्हणाली. "जीव टांगणीला लागलाय माझा."

"तोंडात घास आहे."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. आर्लीननं सावकाश गिळलं.

"कडा कुरकुरीत झाल्यात."

"हो. तवा मी जास्त तापवते. लोणीही सढळ हातानं घालते."

"मी असं कधी केलं नाही."

टेसचा चेहरा पडला. "माहितीये. आल्यापासून कुणी ना कुणी सांगतंच मला."

"का नाही केलं, देव जाणे." आर्लीननं स्टूल गर्रकन खिडकीकडं वळवलं. "लायल, ऐकलंस ना? की तिथं येऊन सांगू?"

लायलनं कॉफीच्या कपात नाक खुपसलं. सगळं डायनर हसायला लागलं, तसा तोही हसला.

"टेस," तो घसा साफ करत म्हणाला, "मलाही दोन टाक मग."

"तीन टाकते," टेस म्हणाली आणि लगबगीनं तव्याकडं वळली. वळता वळता तिनं बाहीनं डोळे टिपले.

आर्लीन पुन्हा बशीकडं वळली. ऑर्विलचा काटा हळूच तिकडंच सरकत होता.

"बघू, एकच घास."

आर्लीननं डावं कोपर काउंटरवर आडवं टाकलं, बशीभोवती हाताचं कुंपण केलं आणि मान खाली घालून खात राहिली.