तीन भागांचा आवाज

धाकटी गायची आणि थोरली तिचा साउंड सांभाळायची. उद्याच्या कार्यक्रमासाठी दोघी बहिणी भर दुपारी क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाचे भाग करून वेगवेगळ्या स्पीकरना देणारं यंत्र, निवडायला दुकानात आल्या होत्या. दोन भागांच्या क्रॉसओव्हरवर धाकटीचा गळा बसल्यासारखा वाटत होता.

"आता हा तीन भागांचा ऐका, ताई. खर्ज, मधला, बारीक, तिन्हींना वेगळा स्पीकर," दुकानदार म्हणाला.

धाकटी गायली, आणि आवाज असा मोकळा झाला की थोरलीने टाळीच वाजवली. "हाच घेऊ गं!"

धाकटी खुशीत हसली. बारीक आवाजाच्या वरच्या स्पीकरमधून तेच हसू आलं, पण थांबेना. दुकानदारालाही हसू फुटलं. धाकटीने माइक बंद केला. हसू चालूच राहिलं.

"कोण गं तू?" तिने थट्टेने विचारलं.

"आधी तू सांग," स्पीकर तिच्याच आवाजात लाडाने म्हणाला.