ओळखपरेड

“तांड्यातून एकही माणूस येत नाही म्हणजे काय?” नायब तहसीलदार सबनीसांनी विचारलं.

“भेतात सायेब,” फौजदार म्हणाला. “मागच्या परेडीत एक जण नुसता रांगेत उभा राहाले आलता. तोच आत गेला.”

संशयिताच्या जोडीला त्याच्यासारखी दिसणारी माणसं हवीत, असा कायदा. संशयित होता बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा फुलसिंग. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, अडत्या पुंडलिकरावांच्या घरातून सोन्याची पोत गेली. चोर मागच्या दारानं पळाला. कंदिलाच्या उजेडात पुंडलिकरावांना त्याचा चेहरा दिसला आणि लाल पागोटं दिसलं. फौजदार तिथून सरळ तांड्यावर गेला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा रद्द होऊन बरीच वर्षं झाली होती. ठाण्याला कळवायचं बहुधा राहून गेलं होतं. फुलसिंग बाजारात गेला होता, त्याच्याकडे लाल पागोटं होतं आणि तो घरी सापडला. एवढं पुरलं.

सबनीस मात्र न्यायी होते. बदलून आल्यापासून त्यांनी तसं बऱ्याच जणांना सांगितलंही होतं.

“आपल्याच कचेरीतली माणसं उभी करा,” ते म्हणाले. “सगळ्यांना पागोटी बांधा. ओळख चेहऱ्यावरून पटली पाहिजे, कपड्यावरून नाही.”

दोन शिपाई मिळाले. तिसरा म्हणून कारकून पातुरकर. महिन्यापूर्वीच दारव्ह्याहून आलेला, अक्षर मोत्यासारखं. बांधा आणि मिशी फुलसिंगशी जुळत होती.

“साहेब, मी पंचनामा लिहायला बसतो ना,” पातुरकर म्हणाला. “मला कशाला ते पागोटं?”

“अहो, अर्ध्या तासाचे बंजारे व्हा! आल्यावर आंघोळ करा हवी तर.”

कचेरी हसली. पातुरकरही हसला, जरा उशिरा.

व्हरांड्यात फुलसिंगची बायको सुखीबाई बसली होती. पागोटं बांधलेला पातुरकर समोरून गेला तशी ती उठली.

“बाबू, मह्या धन्याले सोडतीन ना आज? कापूस फुटून राह्यला वावरात. घरी म्हातारी एकटी हाय.”

“कायदा आहे, बाई,” पातुरकर तिच्याकडे न बघता म्हणाला.

रांग उभी राहिली. नियमाप्रमाणे फौजदार खोलीबाहेर गेला आणि खिडकीशी उभा राहिला. पुंडलिकराव आत आले. रांगेवरून नजर फिरवायचीही त्यांना गरज पडली नाही. ते थेट चालत गेले आणि त्यांनी पातुरकरचं मनगट धरलं.

“हाच! मरेपर्यंत नाही इसरनार मी हे थोबाड. चोर तो चोर, डोयेच सांगून राह्यले!”

सबनीसांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“पुंडलिकराव, अहो हे आमचे पातुरकर! वडील भिक्षुकी करत. चांगल्या घरचा माणूस!”

पुंडलिकरावांनी मनगट सोडलं, हात जोडले. “माफ करा बाबू. या पागोट्यानं घोटाळा केला.”

पातुरकरनं मोठ्या मनानं माफ केलं.

“नजर थकली असेल,” सबनीस म्हणाले. “पाणी प्या आणि पुन्हा पाहा. पातुरकर, तुम्ही या बाहेर. लिहायला बसा.”

आता रांगेत तिघं उरले. शिपायांची पागोटी कानावर उतरली होती. फुलसिंगचं त्याच्या डोक्यावर नीट बसलं होतं. पुंडलिकराव या वेळी बराच वेळ उभे राहिले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

“हा असंन.”

“असेल, की आहे?”

“हायच.”

“लिहा,” सबनीस म्हणाले.

“सायेब!” फुलसिंग पुढं आला. “यानं पयले तर बाबूले धरलं. थेबी लिवा ना!”

“अरे, ती चूक होती.”

“मंग हे काहून चूक नाही?”

सबनीस दुखावले. या माणसासाठी त्यांनी अख्खी कचेरी पागोट्यात उभी केली होती. “तुझ्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच हे सगळं केलं ना?” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. पंचनाम्यात ओळख एकदाच झाली होती. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं.

संध्याकाळच्या मोटारीनं फुलसिंगला यवतमाळला पाठवलं. सुखीबाई मोटारीमागं फाट्यापर्यंत धावत गेली.

पातुरकर घरी पोचला तेव्हा त्याची बायको नलू ओट्यावर वाट बघत होती.

“उशीर केलात?”

“ओळखपरेड होती. घाटंजीच्या चोरीची.”

नलूनं दार आतून लावून घेतलं. तिचा आवाज खाली आला.

“ओळखलं त्या अडत्यानं तुम्हाला?”

“पाहताक्षणी,” पातुरकर म्हणाला. “सगळे फार हसले.”